राजमाची : दोघांनी, दोन दिवसांत, न धावता

जोडसुट्टीत लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याला जाऊन आलेल्यांना ‘कसं झालं?’ असं विचारलं, की फार वेळा पायांच्याच गोष्टी ऐकायला मिळतात. फोड आले, अंधार झाला, पाणी संपलं, शेवटचे पाच किलोमीटर कोणी कोणाशी बोललं नाही. वाट मात्र अवघड नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गडाजवळच्या उधेवाडी गावापर्यंत कच्चा रस्ता जातो, त्यावर गाड्याही जातात. कुठे कडा नाही की दोर लावायची जागा नाही. चुकतं ते वेळेचं गणित. उशिरा निघायचं, एका दिवसात दोन्ही बालेकिल्ले उरकायचे आणि त्याच संध्याकाळी कोंढाण्याच्या लेण्यांवरून कर्जतला उतरायचं, असा बेत दमछाक करणारच.

खालचा क्रम जानेवारीतल्या सलग सुट्टीसाठी आणि दोघांसाठी आहे. दोघी असा किंवा दोघे, फरक पडत नाही. पावसाळ्यात हा क्रम वापरू नका. तेव्हा वाटेतले ओढे भरतात, आणि लोणावळा परिसरात प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात.

टप्पा १ : सुट्टीतले कोणते दोन दिवस?

प्रजासत्ताक दिन शुक्रवारी किंवा सोमवारी आला की तीन दिवस सलग मिळतात. २०२४ मध्ये तो शुक्रवारी होता, २०२६ मध्ये सोमवारी. तीन दिवस मिळाले म्हणून तिन्ही दिवस डोंगरात घालवायचे नाहीत. पहिल्या दिवशी जायचं, दुसऱ्या दिवशी परतायचं आणि तिसरा दिवस घरी पायांसाठी ठेवायचा. हा तिसरा दिवस असला की दुसऱ्या दिवशी परतताना घाई होत नाही. ‘उद्या ऑफिस आहे’ हे वाक्य डोक्यात असलं की माणूस उतारावर पळतो आणि गुडघे तिथेच जातात.

गाडी नेऊ नका. सलग सुट्टीच्या पहिल्या सकाळी बोरघाटात वाहनांच्या रांगा लागतात आणि तुमचे थंडीतले दोन चांगले तास तिथेच संपतात. पुण्याहून सकाळच्या पहिल्या लोकलने लोणावळा गाठा. मुंबईकरांची एक चूक दरवर्षी होते : मुंबईची उपनगरी लोकल कर्जतच्या पुढे घाट चढत नाही. लोणावळ्याला उतरायचं तर पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेसच हवी, आणि पहाटेची इंद्रायणी त्यासाठी सोयीची. त्या दिवसांत जागा लवकर भरतात, म्हणून आरक्षण आधी करा आणि वेळ आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

तपासा : जानेवारीच्या शेवटी इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड साधारण सव्वाअकरा तास. तुमचा पहिला दिवस यातल्या पहिल्या सहा-सात तासांत बसला पाहिजे. बसत नसेल तर बेत बदला. चाल वाढवून तो बसवू नका.

टप्पा २ : निघण्याआधी एकमेकांशी बोलून घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. जुनी मैत्री आहे, मग बोलायचं काय? पण एकत्र चहा पिणं आणि एकत्र पंधरा किलोमीटर चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं, प्रकृती. गुडघा, पाठ, दमा, साखर, रक्तदाब, पाळी, चालू असलेली औषधं, सगळं मोकळेपणाने सांगा. सोबत्याच्या कोणत्या कप्प्यात कोणती गोळी आहे, हे दुसऱ्याला माहीत हवं.

दुसरं, गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती चाललात? कॉलेजात असताना काय काय सर केलं, ते इथे उपयोगाचं नाही. निघण्याच्या दोन आठवडे आधी दोघांनी एकदा तरी आठ किलोमीटर, त्याच बुटांत आणि तीच पाठपिशवी भरून चाला. पुणेकरांना पर्वती किंवा तळजाई आहे, मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. या सरावात जिथे बूट चावला, तिथेच तो राजमाचीच्या वाटेवर चावणार.

तिसरं, कोणाला काय हवंय? एकाला फोटो, एकाला पक्षी, एकाला नुसतं बोलायला. माझी एक मैत्रीण पक्षी बघत चालते. दर अर्ध्या तासाला ती थांबणार, हे पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. मी पुढे जाऊन वाट बघत बसायचे आणि ती आली की लगेच उठायचे. त्यामुळे मला विश्रांती मिळायची, तिला मिळायची नाही. दुपारी तिचा चेहरा पाहिल्यावर मला ते कळलं आणि फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला आम्ही वेळेच्या हिशेबात तिच्या पक्ष्यांसाठी वेगळा एक तास धरला. तेवढ्याने सगळी चाल बदलली.

घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या : कोणत्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. वाटेत रेंज येते-जाते. त्यामुळे ही वेळ परतीच्या दिवशी रात्री नऊ अशी सैलच ठेवा, नाहीतर तुम्ही भाकरी खात असताना घरचे हवालदिल होतील.

टप्पा ३ : उधेवाडीतला मुक्काम पक्का करा

श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे. गावातली बरीच घरं पाहुण्यांची जेवणाची आणि राहण्याची सोय करतात. सलग सुट्टीत ‘गेल्यावर बघू’ चालत नाही. आधी फोन करून चार गोष्टी विचारा : दुपारचं जेवण कितीपर्यंत मिळेल, रात्री पांघरूण आहे का, संडासाची सोय कशी आहे आणि दोघांचे मिळून किती होतील. पैसे रोख न्या आणि सुटे न्या. रेंज नसेल तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत, आणि घरच्या बाईला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

जेवण किती माणसांचं ते नेमकं सांगा आणि मग ते खा. तुमच्यासाठी शिधा आणून ठेवलेला असतो. बरोबर आणलेली नूडल्सची पाकिटं उघडून जेवण रद्द केलेले लोक मी पाहिलेत. असं करू नका.

टप्पा ४ : पाठपिशवी

मुक्काम घरात आहे, जेवण गावात आहे. मग तंबू, चूल, भांडी काही लागत नाही. भरलेली पिशवी पाण्यासकट पाच-सहा किलोंच्या आत बसायला हवी.

पाणी : माणशी अडीच लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून चार लिटर नेण्यात शहाणपण नाही, आणि एक लिटर नेण्यात तर अजिबातच नाही. दोन बाटल्या करा. एक बाहेरच्या कप्प्यात हाताशी, एक आत राखीव. ओआरएसची एक-एक लिटरची दोन पाकिटं ठेवा. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकलं की प्रमाण बिघडतं.

खाणं : दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, खजूर, संत्री. जानेवारी आहे, तिळाच्या वड्या घरात असतीलच. लहान, कोरडं आणि चालता चालता तोंडात टाकता येईल असं खाणं बरं. वेफर्सने तहान वाढते आणि पिशवीत त्यांचा चुरा होतो.

कपडे : पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा शर्ट, सैल पँट, टोपी. जीन्स नको, मांड्या घासतात. रात्रीसाठी स्वेटर आणि कानटोपी न्याच. दुपारी ऊन भाजतं म्हणून लोक गरम कपडे काढून ठेवतात आणि रात्री उधेवाडीत कुडकुडतात.

पाय : बूट वापरलेले हवेत. नवे बूट हे फोडांचं सगळ्यात सामान्य कारण. तळव्याला खोल नक्षी असावी, कारण या दिवसांत मुरमावरून आणि वाळलेल्या गवतावरून गुळगुळीत तळवा सरकतो. मोज्यांचे दोन जोड न्या. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. चुकून खोल कापली गेली तर बरी व्हायला वेळ मिळतो.

बाकी : माणशी एक हेडटॉर्च, पॉवर बँक, मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला ऑफलाइन नकाशा, मायक्रोपोर टेप, कापूस, जंतुनाशक मलम, रोजची औषधं, ओळखपत्र, मोठा रुमाल आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रे नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

तपासा : पिशवी भरून घरातले दोन जिने चढा-उतरा. खांद्याला एका बाजूने ओढ लागत असेल तर सामान पुन्हा भरा. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर.

टप्पा ५ : लोणावळा स्टेशन ते तुंगार्ली

स्टेशनवर नाश्ता करा, पोटभर नको. बाटल्या भरून घ्या. मग रिक्षाने तुंगार्लीच्या चढापर्यंत जा. गावातले हे पहिले दोन-तीन किलोमीटर डांबरी आणि सुट्टीच्या गर्दीचे आहेत, ते चालून काही मिळत नाही. कोणी म्हणेल, मग अख्खी वाट चाललो असं कसं म्हणायचं? नका म्हणू.

राजमाचीचं अंतर कोणी पंधरा किलोमीटर सांगतं, कोणी एकोणीस. कोण कुठून मोजतो, यावर ते ठरतं. त्यात अडकू नका. रिक्षा सोडल्यावर बारा-तेरा किलोमीटर उरले असं धरा आणि हिशेब तासांत करा. बोलत, बघत, अधूनमधून थांबत चालणाऱ्या दोघांची या रस्त्यावरची चाल ताशी तीन किलोमीटर पडते. म्हणजे सव्वाचार तास. त्यात खाण्याचा अर्धा तास मिळवा. सकाळी आठला चालायला लागलात तर एकच्या आत उधेवाडी येते.

सावध : काही कारणाने तुंगार्लीला पोचायलाच अकरा वाजले, तर चालत निघू नका. त्या दिवशी गावाकडे जाणारी जीप करा आणि चालायची हौस दुसऱ्या दिवशी परतताना भागवा. काही वर्षांपूर्वी आम्ही साडेअकराला निघालो होतो. दुपारचं सगळं ऊन अंगावर घेतलं, जेवण चुकलं, आणि चिडून एकमेकींशी न बोलता गावात शिरलो. तो दिवस मला परत मिळाला तर मी जीपच करीन.

टप्पा ६ : चाल

आता मुख्य काम. घाईने इथेच घोटाळे होतात, म्हणून जरा तपशिलात सांगते.

१. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. तुंगार्लीच्या तलावापर्यंतच्या चढावरच लोक जोर लावतात, कारण सकाळचा दम ताजा असतो. तिथे धाप लागली तर पुढचे दोन तास ती फिटत नाही. एक साधी खूण सांगते : चालताना पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा.

२. तलावाच्या पुढे पाच मिनिटं थांबा आणि बुटांच्या नाड्या नव्याने बांधा. अर्ध्या तासात पाय थोडे सुजतात, मोजे बसतात आणि घरी बांधलेली गाठ आता चुकीची झालेली असते. वरचा स्वेटर इथेच काढा. घामाने भिजलेला स्वेटर रात्री उपयोगाचा राहत नाही.

३. हळू चालणारा पुढे. हा नियम सोडू नका. वेगाने चालणारा पुढे असला की मागचा सतत त्याची पाठ गाठायला धावतो आणि त्याला विश्रांतीही कमी मिळते. हळू चालणारा पुढे असला की दोघांची एकच चाल होते, आणि मागचा आपोआप इकडेतिकडे बघायला लागतो.

४. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. थकण्याआधी थांबायचं. सावली बघून बसा, पिशवी उतरवा, पाणी प्या, काहीतरी तोंडात टाका. एकच मोठी, तासाभराची विश्रांती घेऊ नका. पाय आखडतात आणि पुन्हा उठणं जड जातं. मधल्या एका थांब्याला अर्ध्या तासाचा नाश्ता पुरे.

५. तळव्याला किंवा टाचेला चुरचुरलं की त्याच क्षणी थांबा. ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणेपर्यंत फोड झालेला असतो. बूट-मोजा काढा, पाय कोरडा करा, लाल झालेल्या जागी टेप सपाट चिकटवा, मोजा बदला. तीन मिनिटांचं काम आहे. सोबत्याला थांबवायला संकोचू नका, आणि सोबत्याने ‘चल, झालंच आता’ म्हणू नये.

६. रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी जीपा आणि मोटारसायकली येतात. उजव्या बाजूने, समोरून येणारं वाहन दिसेल असे चाला. आंधळ्या वळणावर मात्र वळणाच्या बाहेरच्या बाजूला व्हा. धूळ उडाली की नाकाला रुमाल. दोन्ही कानांत इअरफोन घालू नका.

७. फाटा आला की मळलेली, गाडीच्या चाकोऱ्यांची वाट धरा. रानात शिरणाऱ्या पायवाटा बऱ्याचदा ढोरवाटा असतात आणि कारवीच्या झुडपांत जाऊन विरतात. शंका आली तर नकाशा बघा, गावकरी भेटला तर विचारा. विचारताना ‘ही वाट राजमाचीला जाते ना?’ असं नको, ‘उधेवाडीला कुठली वाट जाते?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस सौजन्याने हो म्हणून जातो.

सावध : दोघंच असताना वेगळे होऊ नका, ‘मी पुढे जाऊन बघून येतो’ म्हणूनसुद्धा नाही. एकाचा पाय मुरगळला तर दोघांनी रस्त्याच्या कडेला सावलीत थांबायचं. सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर वाहन येतंच. रेंज असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, वाहनाने रुग्णालयात न्या. डोंगरात कोणी अडकलं किंवा हरवलं, तर लोणावळ्यातल्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते अशा बचावकार्यात मुरलेले आहेत. त्यांचा संपर्क निघण्याआधी शोधून फोनमध्ये साठवा.

तपासा : साडेदहाला घड्याळ बघा. अर्धं अंतर झालं असेल तर उत्तम. तिसरा हिस्साच झाला असेल, तरी वेग वाढवू नका. उधेवाडीला फोन करून जेवण तासभर मागे ढकला. या बेतात घाई करण्यासारखं एवढं एकच होतं, तेही सुटलं.

टप्पा ७ : उधेवाडीत पोचल्यावर

आधी बूट काढा, पाय धुऊन कोरडे करा, फोड तपासा. मग जेवा. मग झोपा.

त्या दुपारी गडावर जाऊ नका. ‘आलोच आहोत तर एक तरी उरकू’ हा मोह सगळ्यांना होतो, आणि पाय दमलेले असताना उतारावरच माणसं घसरतात. त्यापेक्षा ऊन कलल्यावर उदयसागर तलावाच्या काठी, शंकराच्या जुन्या देवळापाशी जाऊन बसा. पाण्यात उतरू नका. तळ दिसत नाही, आणि वाचवायला बरोबर एकच माणूस आहे.

अंधार पडायच्या आत मुक्कामी या. उघड्यावर शेकोटी पेटवू नका. जानेवारीत सगळं रान वाळलेल्या गवताचं असतं आणि एका ठिणगीला अख्खा उतार जातो. गाव लवकर निजतं, तुम्हीही निजा.

टप्पा ८ : सकाळी एकच गड

सहाला उठून, चहा घेऊन, उजाडताना निघा. पिशव्या मुक्कामीच ठेवा. बरोबर एक लिटर पाणी, टॉर्च आणि थोडा खाऊ. दोन बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. तिथून पूर्वेला श्रीवर्धन, पश्चिमेला मनरंजन.

निवांत जायचं तर एकच निवडा. माझं मत श्रीवर्धनला. तो दोघांत उंच, सुमारे ९१४ मीटर. वाटेत पाण्याची टाकी आहेत, वर चिलखती बुरूज आहे आणि सकाळच्या उन्हात ढाकचा डोंगर, नागफणी आणि शिरोट्याचा जलाशय दिसतो. गुडघे कुरकुरत असतील तर मनरंजन, तो बुटका आहे. खिंडीतून वर जायला रमतगमत पाऊण तास धरा आणि वर तासभर बसा.

सावध : तटाच्या आणि बुरुजाच्या काठावर उभं राहून फोटो नको. दगड सुटे आहेत आणि त्यांवरचं वाळकं गवत तेलासारखं निसरडं होतं. काठापासून दोन पावलं आत, तेही बसून. टाक्यांत हात-पाय धुऊ नका आणि ते पाणी पिऊ नका. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा.

उतरताना हळू चालणारा पुन्हा पुढे. नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे बोटं बुटाच्या टोकावर आपटत नाहीत. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. वाट तिरकी असेल तर तिरकेच उतरा.

टप्पा ९ : परत

दहाच्या सुमारास नाश्ता, हिशेब चुकता, घरच्यांचा निरोप. मग दोन रस्ते आहेत.

आल्या वाटेने लोणावळा : मी बहुतेकांना हेच सांगते. वाट ओळखीची झालेली असते आणि काल बोलण्याच्या नादात न दिसलेलं आज दिसतं. पाय दमले असतील तर अर्ध्या वाटेपर्यंत किंवा पूर्णही जीपने जा.

कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवडे आणि कर्जत : मुंबईकरांना ही वाट जवळची वाटते. पण ही रस्त्यावरची चाल नाही. पाचशे मीटरहून अधिक उतार आहे, वाट जंगलातली, काही ठिकाणी मुरमाड आणि फसवी. तीन अटी असतील तरच ही वाट धरा : दोघांचे गुडघे ठणठणीत, दोघांच्याही पायांना फोड नाही, आणि उधेवाडी सकाळी साडेआठच्या आत सोडली. तिसरी अट पाळायची तर त्या सकाळी गड होत नाही. दोन्ही हवं म्हणून लोक दुपारी दोनला या वाटेला लागतात आणि चुकले की रानातच अंधार होतो. वाट माहीत नसेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा.

तपासा : मुक्काम सोडण्यापूर्वी चार्जर, औषधं आणि ओले मोजे घेतलेत का? कचऱ्याची पिशवी? ती लोणावळ्यापर्यंत तुमच्याबरोबर येणार, गावात टाकायची नाही.

लोणावळ्याला किंवा कर्जतला पोचलात की गाडीची चौकशी करण्याआधी घरी फोन करा. ज्याच्याकडे तुमचा कागद आहे, तो माणूस केव्हापासून घड्याळ बघत असेल.